माहीत नाही म्हणणारे नाना

आमच्या नानांना पगार मिळायचा तो लोकांना माहिती देण्याबद्दल, आणि एकोणतीस वर्षं ते लोकांना सांगत राहिले, "माहीत नाही." हे मी त्यांची चेष्टा म्हणून सांगत नाही. चेष्टा करायचीच तर माझी करा. पुढं तिला भरपूर वाव आहे.

नाना म्हणजे माझे वडील. आमच्या स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनला चिकटून 'चौकशी' अशी पाटी असलेली एक खिडकी होती, तिच्या आत ते बसायचे. जाळीला खाली हात जाईल एवढं भोक होतं. त्या भोकापाशी वाकून माणसं विचारायची, "अर्नाळा कधी?" "निर्मळ गेली काय?" "चांदीपची आज हाय का नाय?" नानांच्या पुढ्यात एक फोन, तो बहुतेक वेळा बंद. एक वही आणि दोन पेनं, निळं आणि लाल. वहीत असेल तेवढंच नाना सांगत. "अर्नाळ्याहून दहा वीसला सुटली. इथं कधी पोचेल ते माहीत नाही." कुणी चिकाटीनं "अंदाजे?" म्हणालं, तर म्हणत, "अंदाज तुमचा तुम्ही करा. रस्ता तुम्हीही रोज बघता."

दुसऱ्या पाळीला मोरे नावाचे गृहस्थ असत. भारी गोड माणूस. कुठल्याही गाडीबद्दल विचारा, मान वर न करता सांगणार, "आलीच, पाच मिनिटांत." गाडी डेपोतून निघाली नसली तरी पाच मिनिटांत, पंक्चर होऊन गिरीजच्या वळणावर उभी असली तरी पाच मिनिटांत. लोक त्यांच्यावर खूष. त्यांची बदली झाली तेव्हा रोजच्या प्रवाशांनी हार घातला, पेढे वाटले. नानांच्या वाट्याला मात्र तक्रारवही यायची. एका मास्तरांनी लिहिलं होतं, "खिडकीतील इसमास काहीही माहीत नसते. त्यांस तेथे का बसविले आहे याची चौकशी व्हावी." ही तक्रार त्यांनी नानांकडूनच पेन मागून घेऊन लिहिली. मध्येच निळ्याची शाई संपली, तेव्हा नानांनी लाल दिलं आणि वर सांगितलं, "खाली सही करा हो, नाहीतर तक्रार धरत नाहीत."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि या सगळ्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मित्रांचे वडील बँकेत, कचेरीत, शाळेत. तिथं ते काहीतरी जाणायचे तरी. माझे वडील अख्ख्या तालुक्यात न जाणण्याबद्दल प्रसिद्ध. एकदा त्यांचा डबा द्यायला गेलो, तर खिडकीपाशी अर्नाळ्याची बायजाबाई उभी होती. ती मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परत जायची. नानांनी तिला "माहीत नाही" सांगितलं आणि ती खुशाल हसत निघाली. मी न राहवून विचारलं, "मावशी, तुम्हाला राग नाही येत?"

"राग कशाला?" ती म्हणाली. "तुझा बापूस नाय म्हायती बोलला, म्हंजे मी बाजारात जाते, चाय पिते, कोन भेटला तर दोन शब्द बोलते. त्या दुसऱ्याची पाच मिन्टं धरून बसलं का माझं मुतायचं पन राहून जातं!"

मी कानात बोटं घालून तिथून पळालो. एवढी अक्कल मला फुकटात मिळत होती, पण घेतली नाही.

घरीही नानांचं तेच. आई विचारायची, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" नाना म्हणायचे, "माझ्या तोंडाला बरोबर आहे. तुझ्या तोंडाचं माहीत नाही." आई कपाळावर हात मारून घ्यायची. "कळलं की सांगतो" हे त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य, आणि कळलं की ते खरोखरच सांगायचे. बगळा एका पायावर का उभा राहतो, असं मी सातवीत विचारलं होतं. मी नोकरीला लागल्यावर एका रविवारी दाढी करता करता त्यांनी मला हाक मारली आणि बगळ्याचं कारण सांगितलं. गालाला साबण तसाच. मला तो प्रश्न आठवेना, आणि ते मात्र एक मोठं काम हातावेगळं केल्यासारखे परत आरशाकडे वळले.

माझ्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. मीनलचे वडील आमच्या घरी आले, पोहे झाले, चहा झाला, आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "मुलगा स्वभावानं कसा आहे?" कुठलाही बाप अशा वेळी काय म्हणेल? शांत आहे, निर्व्यसनी आहे, आईबापांच्या शब्दाबाहेर नाही. नानांनी चहाची बशी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं बघतोय, अजून अंदाज येत नाही." आई आत गेली ती बाहेरच येईना. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. पुढं मीनलनंच सांगितलं, की तिनं होकार दिला तो त्या उत्तरावर. "म्हटलं, सासरा तरी खरं बोलणारा आहे. नवऱ्याचं बघू पुढं," असं ती अजून चारचौघांत सांगते आणि चारचौघं हसतात.

मी नानांवर गेलो नाही, आईवर गेलो नाही. मी सरळ मोऱ्यांवर गेलो. मला सगळं माहीत असतं. कुणाला काही दुखलं खुपलं की गोळीचं नाव मी सांगतो. सोसायटीची मोटर बिघडली की काय बिघडलंय ते मी सांगतो, आणि मग माणूस येऊन दुसरंच काहीतरी दुरुस्त करून जातो. नोकरीही देवानं नेमकी तशीच दिली. वसई पूर्वेला एका बिस्किटांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. कुणाच्या पुड्यात केस निघाला, कुणाची बिस्किटं मऊ पडली, की तक्रार माझ्याकडे. तिच्यासाठी एक छापील फॉर्म होता आणि त्यात 'मूळ कारण' असा एक रकाना होता. तो कोरा ठेवायचा नाही, असा नियम होता. साहेब म्हणायचे, काहीही लिही, पण लिही. मी बारा वर्षं तो रकाना भरत आलो होतो. हवेतला ओलावा, कामगाराचं दुर्लक्ष, पॅकिंगमधला दोष. एकदाही कोरा सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्याअधिक वेळा मला काडीचंही कळलेलं नव्हतं.

आता ते होळीचं सांगतो. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, मीनललासुद्धा नाही.

नाना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. धुळवडीच्या दिवशी दुपारी मी पुरणपोळी खात होतो. नाना समोर येऊन बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "सतीश, हे जरा बघ. इथं हाताला काहीतरी लागतंय." डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी, हाडाच्या वर, आवळ्याएवढी गाठ होती. मी उठलोसुद्धा नाही. डावा हात लांब करून दोन बोटांनी ती दाबली, हलवून बघितली आणि निकाल दिला, "चरबीची गाठ आहे. आमच्या साहेबांना दोन आहेत. काही नसतं." नानांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "अहो नाना, शंभर टक्के." आणि दुसरी पोळी वाढून घेतली. नानांनी बटण लावलं. मुलगा इतक्या खात्रीनं सांगतोय म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला असावा.

जूनमध्ये शेवटी केस कापणाऱ्यानं त्यांना दटावलं, की काका, ही वाढतेय, डॉक्टरला दाखवा. मग तपासण्या सुरू झाल्या. गाठीचा तुकडा काढला, तो कॅन्सर निघाला. तिथवर माझं डोकं जागेवर होतं. पण मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून पुढचं सांगितलं, तेव्हा ते हललं. तिशीच्या आतबाहेरची मुलगी होती. ती म्हणाली, "ही गाठ म्हणजे मूळ आजार नाही. दुसरीकडं कुठंतरी सुरू होऊन इथं पसरलाय. मूळ कुठं आहे ते शोधायला आम्ही दुर्बिणीनं बघितलं, स्कॅन केले, रक्त तपासलं. सापडत नाहीये. काही पेशंटमध्ये ते शेवटपर्यंत सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे?" मी आवाज चढवला. "असं कसं? सुरुवात कुठंतरी झालीच असेल ना! नीट बघा की परत!"

ती काही बोलायच्या आत नाना खुर्चीत पुढं सरकले. इतका वेळ ते आपले भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते. "म्हणजे बाई, तुम्हाला माहीत नाही. असंच ना?"

ती मुलगी म्हणाली, "हो काका. माहीत नाही."

नानांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. खिडकीवरचा जुना सहकारी भेटावा तसे ते तिच्याकडे बघत राहिले. औषधं काय, इंजेक्शनं किती, त्रास काय होईल, सगळं त्यांनी निळ्या पेनानं लिहून घेतलं. किती दिवस आहेत, हेही विचारलं. ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही, महिने आहेत, वर्षं बहुधा नाहीत. नानांनी तेही लिहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हुशार पोरगी आहे. हिच्याकडेच करू." मी इस्पितळाच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो आणि ज्यांना आजार झाला होता ते माझ्यासाठी लिंबू सरबत आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, संशय, पुरावा, मूळ कारण. डॉक्टरांना सापडत नाही तर मी शोधतो, असा एकूण बाणा. आतलं कारण मला ठाऊक होतं. आजार कुठून आला हे एकदा कळलं, की तो कधी आला तेही कळेल. आणि तो होळीच्या आधीच सगळीकडं पसरला होता असं निघालं, तर माझी ती दोन बोटं सुटतील. मी नानांसाठी शोधत होतो असं सगळ्यांना वाटायचं. मी माझ्या सुटकेसाठी शोधत होतो.

संशयित भरपूर मिळाले. पहिला, टँकरचं पाणी. आमच्या भागात बिल्डिंगी आधी आल्या आणि पाणी कधी येईल ते मोऱ्यांनी सांगावं अशी स्थिती, त्यामुळे वर्षानुवर्षं टँकरचंच पाणी पोटात गेलेलं. दुसरा, स्टँडवरचा धूर. तिसरा, सुपारी. चौथा, ॲल्युमिनियमची पातेली; ती मी एका रविवारी उचलून भंगारात दिली आणि सोमवारी आईला दूध तापवायला भांडं नव्हतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासन्‌तास बसून मी अर्धवट समजलेली पानं छापून आणायचो. त्यात एके ठिकाणी फळांवरच्या फवारणीचं वाचलं आणि मला एकदम केळी आठवली.

रिटायर झाल्यापासून नाना रोज सकाळी सायकलवरून निर्मळला जायचे. तिथल्या इनासदादाच्या वाडीतून केळी आणायचे आणि तास-दीडतास गप्पा मारून यायचे. म्हणजे सापडला चोर! मी कारखान्यातून नमुन्याच्या सहा बाटल्या उचलल्या, हातमोजे घेतले आणि इनासदादाच्या वाडीवर धाडच घातली. त्यांना वाटलं मी केळी न्यायला आलोय. मी वाडीतल्या तळ्याच्या, म्हणजे बावखलाच्या, काठावर ओणवा होऊन बाटलीत पाणी भरायला लागलो, तेव्हा ते जवळ आले.

"काय करता भाऊ?"

"पाणी तपासायचंय. तुम्ही फवारता काय काय, त्याचीही यादी द्या."

इनासदादा साठीचे, काळे, काटक. त्यांनी माझे हातमोजे बघितले. "या बावखलातलं पानी माझा आजा प्याला, बाप प्याला, मी पितो. नानांनी पन कधी घोटभर घेतला असेल. तुम्हाला काय वाटते, मी त्यांना विष पाजला?"

मी तत्त्वज्ञान्यासारखा म्हणालो, "मूळ कारण शोधायला नको का?"

"शोधा ना. पन तुमचे नाना आठ दिवस आले नाय, ते कसे हायत ते तुम्ही सांगितला नाय. मी तुम्ही आल्यापास्नं वाट बघतो."

माझ्या हातातली बाटली सुटली आणि ती काढायच्या नादात मी स्वतः कमरेपर्यंत बावखलात उतरलो. इनासदादांनी हात देऊन मला वर ओढलं, अंग पुसायला टॉवेल दिला आणि निघताना नानांसाठी राजेळी केळ्यांची फणी स्कूटरला बांधली. ती पुराव्यादाखल कारखान्यात न्यायची असं मी ठरवलं होतं. पण भिजून भूक लागली होती, गिरीजपर्यंत येता येता त्यातली चार मीच खाल्ली.

नानांना हे सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. पण इनासदादाची माफी मागून ये, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

माफी मागायला मी दोन महिने लावले, कारण मध्ये चांदीपच्या बाजूला नाडी बघणारे एक गृहस्थ मला कुणीतरी सुचवले. इंजेक्शनांनी नानांचे केस गेले होते, तोंड आलं होतं, तरी मी त्यांना रिक्षात घालून तिकडं नेलं. त्या गृहस्थांनी डोळे मिटून मनगट धरलं आणि मिनिटभरात सांगितलं, "मूळ जठरात आहे." मी वही उघडून लिहायला लागलो. आनंदाच्या भरात त्याखाली दोन रेघाही मारल्या. नानांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "अनुभव!" नाना "बरं" म्हणाले आणि उठले. रिक्षात बसल्यावर डोळे मिटून म्हणाले, "सतीश, मोरे भेटला रे बऱ्याच दिवसांनी."

मी हसायला हवं होतं. मी चिडलो. म्हणालो, "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये!" कॅन्सरच्या माणसाला, रिक्षात, असं बोललो मी. रस्ता खराब होता, नाना दांडा घट्ट धरून बसले.

वही घेऊन नानांची उलटतपासणी रोज संध्याकाळी चालायची. ऐंशी साली तंबाखू कुठली? डेपोतली जमीन कशानं पुसायचे? लहानपणी गावी विहिरीजवळ काय होतं? ते खाटेवर, मी समोर खुर्चीवर. ते म्हणत, "माहीत नाही," आणि मी म्हणायचो, "अंदाजे?" एकदा त्यांना उलटी होत होती, आईनं घमेलं धरलं होतं, आणि मी विचारत होतो, "नाना, शहात्तर साली घरात तेल कुठलं होतं?"

आई ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. घमेलं धुऊन आणून तिनं ते जागेवर ठेवलं, पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "तेलाचं मी सांगते. मी तळणीचं तेल परत वापरायचे रे. तेव्हा परवडत नव्हतं. दोनदा-तीनदा वापरायचे. तेवढ्यानं झालं का हे? माझ्यामुळं झालं का?" आणि ती रडायला लागली. चाळीस वर्षं त्या माणसाला रांधून घातलेली बाई माझ्या वहीपुढं आरोपीसारखी बसली होती.

त्या दिवशी मी नानांना पहिल्यांदा आणि शेवटचं संतापलेलं बघितलं. त्यांच्यात उठायची ताकद नव्हती. त्यांनी नुसता हात पुढं केला. "वही दे." मी दिली. "लाल पेन." तेही दिलं. मग पहिल्या पानापासून सुरुवात करून, 'मूळ कारण'च्या प्रत्येक रकान्यात, त्यांच्या त्या खिडकीवरच्या टपोऱ्या अक्षरात, ते 'माहीत नाही' लिहीत गेले. टँकरपुढं माहीत नाही. धुरापुढं माहीत नाही. केळ्यांपुढं त्यांनी 'काहीतरीच' असं लिहिलं. मध्ये तीन वेळा थांबले, पाणी प्यायले. एकोणतीस पानं झाली तेव्हा खाली सही केली, वेळ घातली आणि वही उशीखाली सरकवली.

"आता ऐक," ते म्हणाले. "गाडीचं माहीत नाही असं कळलं, की माणसं काय करायची माहीत आहे? चहा प्यायची. घरी निरोप धाडायची. ओळखीचं कुणी दिसलं तर गप्पा मारायची. तू तीन महिने माझ्या खिडकीला चिकटून उभा आहेस. आणि ही बाई तुझ्यामागं रांगेत."

मग आईला म्हणाले, "तुझ्या तेलातल्या पुऱ्या मी मागून मागून खाल्ल्यात. रडायचं असेल तर दुसऱ्या कशाला तरी रड."

मी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. त्यानंतर काय करायचं ते मला सुचेना, म्हणून खरंच चहा टाकला.

पुढचे दोन महिने आमचे चांगले गेले. चांगले म्हणजे इंजेक्शनं होती, ताप होता, अंग खंगत चाललं होतं. पण घरात हसू होतं. मी इनासदादांची माफी मागून आलो. त्यानंतर ते दर दोन दिवसांनी स्वतःच यायचे, नानांच्या पायाशी बसून गावच्या बातम्या सांगायचे. बायजाबाईला कुठून कळलं कोण जाणे, एका दुपारी ती दोन जिने चढून आली, धापा टाकत खाली बसली आणि म्हणाली, "काय मास्तर, कसा हाय?" नाना म्हणाले, "माहीत नाही." ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि मग पुसतच राहिली. निर्मळच्या जत्रेला नानांना जायचं होतं. मी आणि मीनलनं त्यांना रिक्षानं नेलं, देवळापर्यंत पोचवलं नाही, गर्दी फार होती. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणाऱ्यांच्या रांगेपाशी खुर्ची टाकून बसवलं. ओळखीचे लोक येऊन वाकून बोलत होते. टोपीखालचं त्यांचं डोकं थंडीनं गार पडलं होतं, पण हलायला तयार नव्हते. एका माणसानं सवयीनं विचारलंच, "काका, परतीची गाडी कधी हो?" त्यांच्याकडून जे उत्तर मिळायचं तेच मिळालं आणि तो खुशीत निघून गेला.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं थांबवली. आता घरीच ठेवा म्हणाल्या.

ती दुपार जानेवारीच्या शेवटाकडची. मीनल शाळेत शिकवायला गेली होती, आई स्वयंपाकघरात होती. नाना उशीला टेकून बसले होते, स्वेटरमध्ये अर्धे हरवलेले. मी त्यांची नखं कापत होतो. डाव्या हाताची झाली, उजव्याची सुरू केली, आणि होळीपासून घशात अडकलेलं ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

"नाना, तुम्ही गाठ मला आधी दाखवली होती. धुळवडीला. मी बघून काही नाही म्हणालो. तेव्हाच नेलं असतं, तर..."

उत्तर काय येणार हे मला माहीत होतं. तेच एक उत्तर त्यांनी जन्मभर हजारो माणसांना दिलं होतं, आणि तेच खरं होतं. डॉक्टरीणबाईंनाही याहून वेगळं सांगता आलं नसतं. त्या उत्तराबरोबर उरलेला जन्म काढायची मी मनाची तयारी करून ठेवली होती.

नानांनी हात माझ्या हातातून काढून घेतला नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "काही फरक पडला नसता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे."

"डॉक्टरना विचारलं होतंत?"

"विचारायचं कशाला? मला माहीत आहे. शंभर टक्के."

पापणीसुद्धा हलली नाही त्यांची. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आणि मग मला रडू फुटलं. मोठ्यानं, लाज सोडून, चाळिशीला आलेला माणूस नेलकटर हातात घेऊन हंबरडा फोडत होता. स्वयंपाकघरातून आई धावत आली. तिला वाटलं, झालं सगळं. दारातच भिंतीला धरून तिनं विचारलं, "काय झालं? काय झालं यांना?"

नानांनी हळूच उशीवर अंग टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "काही नाही गं. त्याला भूक लागलीय. वाढ त्याला."

आईनं माझं पान घेतलं. वरण-भात वाढला, वर तूप घातलं, लिंबाची फोड ठेवली. मी नाक ओढत पानावर बसलो आणि सगळं जेवलो.